मनाचं उचंत खातं

चाळिशी उलटली की माणूस स्वतःला मोजायला लागतो. सकाळी वजन, दुपारी रक्तदाब, महिन्याकाठी साखर आणि वर्षातून एकदा, कुणीतरी समवयस्क अचानक गेला की, छातीचा आलेख. हल्ली तर मनगटावरचं घड्याळ पावलंही मोजतं आणि रात्री आपण किती वेळ झोपलो होतो हे सकाळी आपल्यालाच सांगतं. आमच्या शाखेत येणारे एक पेन्शनर आपलं कोलेस्टेरॉल दशांश चिन्हासकट सांगतात. पण याच गृहस्थांना विचारून पाहा, "गेल्या महिन्यात आपल्याला किती वेळा राग आला?" ते ताडकन म्हणतील, "मला? मला कधी राग येत नाही!" आणि हे वाक्य ते अशा आवाजात म्हणतील की पलीकडच्या काउंटरवरची मुलगी नोटा मोजता मोजता आकडा विसरेल.

दुसऱ्याच्या मनाबद्दल मात्र आपली अशी अडचण नसते. समोरच्या इमारतीतल्या नवराबायकोचं आज बिनसलंय, हे आमच्या मजल्यावरची मंडळी नुसत्या दोरीवरच्या कपड्यांवरून सांगू शकतात. साहेबांचा मूड शिपायाला त्यांच्या चपलेच्या आवाजावरून कळतो. फक्त स्वतःच्या मनाचा विषय निघाला की आपण माळ्यावर चढायची वेळ आल्यासारखं करतो. वर काय काय आहे ते आपल्याला साधारण ठाऊक असतं. जुनी ट्रंक असते, फुटकी बादली असते, कुणाची तरी पत्रं असतात. पण हात घातला आणि झुरळ निघालं तर? त्यापेक्षा माळ्याला पडदा लावून टाकावा हे बरं.

मी हा पडदा बाजूला केला तो अध्यात्मासाठी नव्हे. माझ्याकडे एक डायरी जास्त झाली होती म्हणून. बँकेतल्या माणसाला जानेवारीत डायऱ्या मिळतात. पूर्वी सात-आठ मिळायच्या, आता दोन मिळतात. एकीत सौ. दुधाचा हिशेब लिहिते. दुसरी कोरी राहिली. कोरी वही समोर ठेवून वाणिज्य शाखेचा पदवीधर स्वस्थ बसू शकत नाही. त्याचा हात आपोआप रकाने पाडायला लागतो. रकाने पाडून झाले तेव्हा लिहायला काही नव्हतं. पैशाचा हिशेब लिहावा एवढे पैसे नव्हते. मग म्हटलं, जे भरपूर येतं-जातं त्याचाच हिशेब लिहावा. तारीख, वेळ, भावना, रक्कम (शंभरपैकी) आणि तपशील. झाली रोजकीर्द तयार.

मी नियम एकच केला, तोही धंद्यातून उचललेला. शेरा मारायचा नाही. बँकेच्या पासबुकात "दि. ४, रोख काढले, रु. पाच हजार" एवढंच छापून येतं. "अरेरे, आज पुन्हा काढले? लाज नाही वाटत?" असं काही छापून येत नाही. म्हणून तर लोक पासबुक घेऊन येतात. छापणाऱ्या यंत्राला असं बोलायची सवय लागली तर दुसऱ्या दिवशी शाखेत चिटपाखरू फिरकणार नाही. आपण आपल्या मनाकडे फिरकत नाही याचं कारणही हेच असावं. तिथलं यंत्र छापता छापता बोलतं.

तर, "दि. ९ जानेवारी, दु. १२.५०, राग, रु. ४०, सही न जुळणारा धनादेश" अशा नोंदी सुरू झाल्या. महिनाअखेर आला. महिनाअखेर म्हणजे तेरीज काढणं आलं. ती काढली आणि चाट पडलो.

पहिला शोध लागला तो रागाबद्दल. माझा निम्म्याहून अधिक राग दुपारी साडेबारा ते दीड या वेळात जमा झालेला होता. त्या तासाभरात मला राग आणणारी माणसं वेगवेगळी होती. के. वाय. सी.चे कागद न आणणारे होते, चारदा आणणारे होते, एकदा तर आणून मला धन्यवाद देणारेही होते. माणसं बदलत होती, रक्कम बदलत नव्हती. दीडला डबा उघडला की खातं शून्यावर! म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं तत्त्वाचा प्रश्न समजत आलो, तो पोळीचा प्रश्न होता. आता मी बारा वाजता दोन अ‍ॅरोरूट बिस्किटं खातो. राग येतो, नाही असं नाही, पण पंधरा रुपयांच्या वर जात नाही.

दुसरा शोध हेव्याचा. त्यासाठी माझा पत्ता सांगायला हवा. मी जुहूला राहतो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा निरखून पाहतात. जुहू म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर बंगले येतात, समुद्राकडे तोंड केलेली हॉटेलं येतात, रविवारी संध्याकाळी 'जलसा'बाहेर अमिताभ बच्चनचा हात दिसावा म्हणून तिष्ठणारी गर्दी येते. आमचा जुहू त्याच्या पाठीमागचा. गावठाणाच्या अंगाला एक जुनी तीनमजली इमारत आहे. तिच्या गच्चीवर टाचा उंचावून उभं राहिलं तर पूर्वी समुद्र दिसायचा. आता समोरच्या टॉवरमधल्या लोकांना तो दिसतो आणि आम्हाला ते लोक दिसतात. आता गंमत पाहा. वर्षभरात त्या बंगल्यांचा, टॉवरचा, खाली उभ्या असलेल्या लांबलचक मोटारींचा हेवा म्हणून एक रुपयाही जमा नाही. पण आमच्याच शाखेतल्या, माझ्याच पगाराच्या एका सहकाऱ्यानं बोरिवलीला एक खोली जास्तीची असलेला फ्लॅट घेतला, त्या दिवशी रु. ८५! हेवा हा मापात राहून वाटतो. तो आपल्याच इयत्तेतल्या मुलाचा वाटतो, मास्तरांचा वाटत नाही.

तिसरी उदासी. ती दर रविवारी संध्याकाळी पाचला येते, पोस्टमन यायचा तशी. साऱ्या मुंबईतून माणसं भेळ खायला आमच्या दाराशी येतात आणि नेमका त्या वेळी मी गच्चीवर एकटा उभा. पुष्कळ महिने तपशिलाचा रकाना मोकळा ठेवला. मग एकदा शेजारच्या घरातून आवाज आला, "गृहपाठ झाला का रे?" आणि पोटात खड्डा पडला. तपशील सापडला! सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या पोटात इयत्ता पाचवी 'ब' अजून शाबूत होती. पाचवी 'ब'ला घाबरायचं काय? आता ती आली की मी तिला बसायला पाट देतो. साडेसहाला तिची ती उठून जाते.

ही सगळी तेरीज मी मोठ्या अभिमानानं सौ.ला वाचून दाखवली. वाटलं, निदान 'अहो, खरंच?' एवढं तरी म्हणेल. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. एकोणीस वर्षं बघत्येय." मग थोडं थांबून म्हणाली, "पण एक रकाना कोराच दिसतोय." तो रकाना भीतीचा होता. वर्षाचा दुसरा महिना संपत आला तरी भीतीच्या नावे एकही नोंद नव्हती. मी म्हटलं, "नाही वाटत मला भीती. काय करू?" ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं हे आमच्या घरात प्रमाणपत्र नसतं.

माझ्या या उद्योगाची बातमी शाखेत फुटली तेव्हा हेड कॅशियरनी मला बाजूला घेतलं. ते नुकतेच दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले होते. दहा दिवस अवाक्षर बोलायचं नसतं, डोळे मिटून श्वास आणि अंगावरच्या संवेदना नुसत्या पाहायच्या असतात. परत आल्यावर त्यांनी त्या मौनाबद्दल आम्हाला सलग अकरा दिवस सांगितलं. चेष्टा सोडा, पण त्यांच्याकडून मला कळलं ते असं. हे शिबिर आपल्याकडे रुजवणारे सत्यनारायण गोएंका हे साधुबुवा नव्हते, ब्रह्मदेशात जन्मलेले चांगले व्यापारी होते आणि या वाटेला लागले ते मुक्तीसाठी नव्हे, अर्धशिशीसाठी. १९६९ साली ते भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं, मग १९७६ मध्ये इगतपुरीला केंद्र निघालं. आमच्या उपनगरांच्या टोकाला, गोराईला, २००९ साली खुला झालेला प्रचंड पॅगोडाही त्याच परंपरेचा. खांदा दुखत असेल तर 'दुखतंय' म्हणून पाहावं, 'हाय हाय' म्हणू नये, एवढंच त्यांचं सांगणं. मी म्हटलं, "म्हणजे शेरा मारायचा नाही." हेड कॅशियर म्हणाले, "ते तुम्ही डायरीत केलंत, मी मांडी घालून केलं. तुमचे गुडघे वाचले."

मग मी जरा शोध घेतला, तर या धंद्यात आपल्या आधी बरीच मोठी माणसं होऊन गेलेली दिसली. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले. आपण ते लहानपणी पाठ केले ते बक्षिसासाठी. पण त्यांची रीत पाहा. त्यांनी मनाला आधी सज्जन म्हणून हाक मारली आणि मग उपदेश केला. आपण नेमके उलटे. आधी शिवी देतो आणि मग त्यानं ऐकावं अशी अपेक्षा धरतो. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती, पण मनाला त्यांनी पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. गुराला हाकलणाऱ्या बाईनं ते गुरू कसं चालतं, कसं परत येतं, हे किती निवांत न्याहाळलं असेल! नुसत्या चिडणाऱ्या माणसाला अशी उपमा सुचत नाही.

आमच्या जुहूलाही याचा एक धागा आहे. १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्यावर गांधीजींची सुटका झाली, तेव्हा ते विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले होते. पुढल्या वर्षाच्या अखेरीस त्यांची आत्मकथा 'नवजीवन'मधून येऊ लागली. तिला त्यांनी नाव दिलं 'सत्याचे प्रयोग'. मला त्यातला 'प्रयोग' हा शब्द फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या अंगातल्या खोडी माणूस दोनच प्रकारे सांगू शकतो. एक तर फिर्याद म्हणून, नाही तर प्रयोग म्हणून. फिर्यादीत आरोपीला घाम फुटतो, प्रयोगात पाहणाऱ्याचे डोळे मोठे होतात.

पण या सगळ्यांत मला जवळचा वाटला तो एक अमेरिकन, अल्बर्ट एलिस. हे मानसशास्त्रज्ञ लहानपणापासून मुलींशी बोलायला घाबरत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात ते शंभर जणींशी बोलले. पुन्हा भेटायचं फक्त एकीनं कबूल केलं आणि ती आलीच नाही! दुसरा कुणी असता तर खचला असता. एलिसनी हिशेब मांडला. शंभर नकार मिळूनही कुणी मारलं नाही, कुणी पोलिसाला बोलावलं नाही, आकाश कोसळलं नाही. भीती गेली. (आमच्या चौपाटीवर हा प्रयोग कुणी करू नये. निष्कर्ष वेगळे येतील.) पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. कि. मो. फडके यांनी तो मराठी वाचकांपर्यंत आणला आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेल्या संस्थेमुळे तो आपल्या घराघरांत बोलला जाऊ लागला. त्यातली गोम सोपी आहे. प्रसंग घडतो, मग आपण त्याचा काहीतरी अर्थ लावतो, आणि त्या अर्थातून भावना येते. आपल्याला वाटतं, प्रसंगातूनच थेट आली. मधला मजला आपण पाहतच नाही, कारण लिफ्ट तिथं थांबत नाही. माझ्या डायरीतला 'तपशील' हा रकाना म्हणजे तो मधला मजला, असं मी स्वतःला सांगून टाकलं आणि मला फार विद्वान झाल्यासारखं वाटलं. (दि. २ मार्च, रात्रौ ९.१५, अहंकार, रु. ७०.)

एवढी पुस्तकी विद्या झाली, पण खरा धडा मिळाला तो घरापासून पाच मिनिटांवर. बँकांना २०१५ सालच्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. अशाच एका शनिवारी धाकटीनं, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीनं, मला सकाळी सकाळी ओढत किनाऱ्यावर नेलं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा उपक्रम २०१७ पासून चाललाय. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या मित्रांनी तो सुरू केला. ओहोटीच्या वेळी माणसांना किनाऱ्यावर नेऊन तिथले जीव दाखवायचे. जन्म जुहूत गेलेल्या मला वाटलं, तिथं काय असणार? भेळेचे कागद आणि नारळाची टरफलं.

आणि मी पाहतच राहिलो. ओल्या वाळूवर जिकडेतिकडे बारीक गोळ्यांची रांगोळी काढलेली. ती काढतात बोटाच्या पेराएवढे खेकडे. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाण्याजोगं वेचायचं आणि उरलेल्याची गोळी करून ठेवून द्यायची. दर भरतीला सगळी रांगोळी पुसली जाते, दर ओहोटीला हे पुन्हा कामाला हजर. न थकता व्हाउचरं लावणारा असा कारकून मी बँकेतही पाहिलेला नाही. खडकांच्या खळग्यांत समुद्रफुलं होती. पाण्यात ती हळूहळू पाकळ्या उघडतात. बोट लावलंत की मिटून नुसता चिकट गोळा होतो. शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे होते. स्वतःचं घर नाही, दुसऱ्यानं टाकलेल्या शंखात राहायचं, जागा अपुरी पडली की मोठा शंख शोधायचा. (मुंबईकरच!) आम्हाला फिरवणारा मुलगा एकच सांगत होता, "पाय जपून टाका, हात लावू नका, वाकून बघा."

मी वाकून बघता बघता मनात म्हटलं, अरे, हीच ती माझी डायरी! इथं किती वर्षं माणसं भेळ खाऊन गेली आणि पायाखाली काय आहे ते त्यांना दिसलं नाही. दिसण्यासाठी ओहोटीची वेळ साधावी लागते आणि वाकावं लागतं, बस्स. वाकून पाहणं म्हणजे हात घालणं नव्हे, हेही तिथंच कळलं. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर 'ब्लू बॉटल' वाहून येतात. निळ्या काचेच्या फुग्यासारख्या सुंदर, पण त्यांच्या दोऱ्यांनी डंख मारला की माणूस बोंबलत सुटतो. म्हणून कुणी समुद्र बुजवायला निघत नाही की ती खिशात घालून घरी आणत नाही. चार पावलांवरून पाहायची, ओळख ठेवायची. काही काही भावना तशाच. त्या पाहाव्यात, पण चार पावलांवरून. त्यातही एखादीचा डंख फार खोल गेला असेल तर सरळ डॉक्टरकडे जावं. कुतूहल हे औषध नव्हे, चष्मा आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब मला आमच्या मोरागावातल्या कोळीणबाईंनी शिकवला. आज पापलेट का नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, भांग आहे. पाणी ओढत नाही, मासळी कुठून येणार?" अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मवाळ असते, तो भांग. अमावास्या-पौर्णिमेला जोर असतो, ते उधाण. आणि भरतीची वेळ काढायला त्यांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला हा हिशेब चांगला लागू पडतो. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं, तर त्या हसल्या. समुद्रासारखा समुद्र, पण त्याला ज्यांच्या पिढ्या पाहत आल्या त्यांना त्याचं वेळापत्रक पाठ. त्या त्याला घाबरत नाहीत असं नाही. उधाणाला होडी ओढून घेतात. पण त्याला शिव्या देत नाहीत, आणि आपल्यामुळेच तो खवळला असंही समजत नाहीत.

आता उचंत खात्याकडे वळतो. ज्यांनी बी. कॉम. केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेरीज जुळत नसेल, किंवा कुठून आली ते न कळणारी एखादी रक्कम हाती असेल, तर ती तात्पुरती एका खात्यात ठेवतात. त्याला म्हणायचं उचंत खातं, इंग्रजीत सस्पेन्स. आता संगणक सगळं जुळवतो, तरी हे खातं प्रत्येक बँकेत आहेच. नाव रहस्यकथेसारखं असलं तरी त्याला कुणी भीत नाही. रक्कम फेकूनही देत नाहीत आणि खिशातही घालत नाहीत. नोंदवून ठेवतात आणि शोधत राहतात. एक दिवस कुठलं तरी जुनं व्हाउचर सापडतं आणि रक्कम आपल्या घरी जाते.

माझ्या डायरीतही असं एक खातं साचत चाललं होतं. तीन वर्षांच्या तीन डायऱ्या मांडल्यावर ते दिसलं. राग, संध्याकाळी पाच ते आठ, रकमा ऐंशीच्या वर. बिस्किटांना न जुमानणाऱ्या. तपशील असे: "मुलीनं फोन उचलला नाही." "सौ.नं फोन उचलला नाही." "आईनं फोन उचलला, पण उशिरा." महिने जून, जुलै, ऑगस्ट. डिसेंबरात कुणीच फोन उचलत नाही, तरी एक रुपया नाही! मी तारखा पाहिल्या. त्या साऱ्या मुसळधार पावसाच्या होत्या.

आणि व्हाउचर सापडलं. दि. २६ जुलै २००५.

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुपारची भरतीही त्यातच आलेली. मिठी नदी रस्त्यावर आली, लोकल थांबल्या, फोन मेले. शेकडो माणसं गेली. मी दुपारीच घरी पोचलो होतो. वडील घाटकोपरला एका कारखान्यात हिशेबनीस होते. ते पोचले नाहीत. आई रात्रभर दाराशी बसून होती. ती रडली नाही की बोलली नाही. दर अर्ध्या तासानं उठून ताटावरचं झाकण उचलून पाहायची आणि पुन्हा ठेवायची. मी जिन्यावर पाण्याची पायरी मोजत होतो.

सकाळी नऊला वडील आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, डबा बगलेत. कुर्ल्यापासून छातीभर पाण्यातून चालत कालिन्यापर्यंत आले होते आणि रात्र एका अडकलेल्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर काढली होती. बसमध्ये कुणा अनोळखी माणसांनी चहा-बिस्किटं आणून दिली होती. आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता ती रडणार. ती कडाडली, "डब्याचं झाकण कुठाय?"

वडील म्हणाले, "बसमध्ये एक पोर भुकेलं होतं. त्याला डबा दिला. झाकण पाण्यात गेलं."

"नवीन होतं झाकण!" आई म्हणाली आणि त्या झाकणावर ती पुढे पंधरा मिनिटं बोलली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. वडील ओलेत्यानं उभे राहून सगळं ऐकून घेत होते आणि मला आता आठवतं, ते हसत होते. त्यांना ते खातं वाचता येत होतं.

आमच्या घराण्याची पद्धतच ती. भीती आमच्याकडे भीतीच्या नावावर जमा होत नाही, रागाच्या नावावर होते. आईकडून ती माझ्याकडे आली, सर्व व्याजासकट. माझा तो कोरा रकाना कोरा का होता ते त्या रात्री कळलं. खातं होतं, नाव दुसऱ्याचं होतं. वडील जाऊन आता अकरा वर्षं झाली. हे व्हाउचर त्यांना दाखवायला हवं होतं. हिशेबनीस होते, खूश झाले असते.

गेल्या जुलैत असाच पाऊस लागला. मुलगी क्लासहून यायची होती. फोन उचलेना. सहा वाजले, साडेसहा झाले. छातीत ते ओळखीचं वाजायला लागलं, कान तापले, तोंडात वाक्यंही तयार झाली. "फोन कशाला दिलाय तुला?" वगैरे. मी डायरी काढली. राग लिहायला पेन टेकवलं, थांबलो, शेजारच्या रकान्यात गेलो आणि लिहिलं: "भीती, रु. ९४४." शंभरपैकी! पण नोंद बरोबर होती. गंमत अशी की लिहून झाल्यावर भीती गेली नाही, पण तिच्याकडे पाहता आलं. ओहोटीला खळग्यात दिसावी तशी ती तिथं बसलेली होती. वीस वर्षांची जुनी, ओळखीची, हातात ताटावरचं झाकण घेऊन.

सात वाजता फोन लागला. मी म्हटलं, "बाळ, पाऊस आहे, तू कुठं आहेस ते कळेना, मला भीती वाटत होती."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का? आईला द्या बरं फोन!" आणि भिजत धावत पंधरा मिनिटांत घरी आली. माझ्या रागानं ती कधी एवढ्या लवकर आली नव्हती. आत आल्यावर आजीनं तिला दारातच धरलं आणि विचारलं, "छत्री कुठाय?" मी मुलीकडे पाहिलं, मुलगी माझ्याकडे. डायरी तिनंही चोरून वाचलेली असावी, कारण ती आजीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आजी, किती रुपयांची भीती वाटली?" आजीला काही कळलं नाही. पण छत्रीचा विषय पंधरा मिनिटांऐवजी दोन मिनिटांत संपला.

तर असा हा जमाखर्च. कुणी विचारतात, "एवढं लिहून मन सुधारलं का?" पासबुक छापून कुणाची शिल्लक वाढलेली मी तरी पाहिलेली नाही. पण आमच्याकडे रोज पासबुक भरायला येणारे पेन्शनर आणि वर्षानुवर्षं न येणारे खातेदार यांत एक फरक असतो. रोज येणाऱ्याला शिल्लक कमी दिसली तर तो म्हणतो, "हं, विजेचं बिल गेलं." न येणाऱ्याला ती एकदम दिसते आणि तो म्हणतो, "मी लुटलो गेलो!" शिल्लक दोघांची सारखीच असते.

बँकेत अलीकडे आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायला लागले आहेत. काम तेच, काउंटर तेच, पण नावामुळे माणूस जरा मऊ बोलतो. मीही माझ्या मनाला तेवढ्याच अदबीनं वागवतो. ते काउंटरशी आलं की विचारतो, "या. काय काम काढलंत?"

यंदा डायऱ्या पुन्हा दोनच मिळाल्या. दुधाचा हिशेब सौ.नं मोबाइलवर लिहायला घेतला, म्हणून तिची डायरी मोकळी झाली. परवा ती टेबलावर उघडी दिसली. तारीख, वेळ, भावना, रक्कम, तपशील असे अगदी माझ्यासारखेच रकाने पाडलेले. मला मोठं समाधान वाटलं. चला, आमच्या घरात आत्मपरीक्षणाची दुसरी शाखा उघडली! जवळ जाऊन पाहिलं, तर पहिल्या पानावर खातेदाराचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

माझं!